ठमीचे कागद

१२ जून

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झालाय, तेव्हा आधी मनसोक्त रागावून घे आणि मग पुढचं वाच.

बापूच्या घरी आता बस्तान बसलं म्हणायला हरकत नाही. मला दिलेली खोली इस्त्रीची आहे. म्हणजे खोली माझी, पण इस्त्रीचं टेबल तिथे आधीपासून होतं, त्यामुळे मान त्याला. खिडकीतून खाली पाहिलं की ठमी दिसते, करड्या आच्छादनाखाली मुकाट उभी. सूनबाई म्हणते, आई, गाडीला कोणी नाव ठेवतं का. मी म्हटलं, तू दिवसभर लोकांच्या दाढा उपटतेस, तुला काय कळणार जिवंत गोष्टींचं. हसली बिचारी. वाईट नाही ती, फक्त सतत घाईत असते. पिल्लू सांभाळणारी बाई मी आले त्याच आठवड्यात सोडून गेली, तेव्हापासून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिल्लू आणि मी. दोन दात आलेत. ते कुठे कुठे रोवतो ते सांगत नाही.

आता कामाचं. गावाबाहेरच्या रस्त्यावर एक दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, कूस बदलायला घरच्यांना शिकवायचं. म्हणजे मी जन्मभर जे केलं तेच. त्यांना अनुभवी परिचारिका हवीय, पण स्वतःची गाडी असलेली, कारण घरं दूरदूर आहेत. ऑक्टोबर अखेरपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या. फक्त कागद चोख पाहिजेत. त्यांच्याकडे मागे कोणीतरी गडबड केली होती, तेव्हापासून त्या कागदाच्या बाबतीत फार कडक झाल्यात.

इथल्या राज्याचा नियम असा, की बाहेरच्या राज्यातून आणलेली गाडी वर्षाच्या आत इथे नोंदवायची, म्हणजे मला येत्या फेब्रुवारीपर्यंत. त्याला आपल्याकडच्या वाहन कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो आणि नोंदणीचं मूळ पुस्तक लागतं. विमा इथल्या पत्त्यावर फिरवून घ्यायचा. आणि माझं लायसन्स नोव्हेंबरात, वाढदिवसाला संपतं, ते इथे नवं करायचं. विम्याचं बापूने अंगावर घेतलंय. त्याच्या ऑफिसच्या खालीच विम्याची कचेरी आहे, हप्त्याचे पैसे मी त्याच्या हातात दिलेत.

राहिला दाखला आणि पुस्तक, ते तुझ्या हातात आहे. तुझ्या वडिलांनी त्या हरवलेल्या ट्रंकेनंतर नियमच करून ठेवला ना, की या घरातले मूळ कागद सामानातून जायचे नाहीत, मागाहून खात्रीच्या माणसाच्या हातून जायचे. ते गेले, नियम राहिला. मीही वेड्यासारखी नकला घेऊन आले आणि मूळ पुस्तक तुझ्या कपाटात ठेवून आले. तेव्हा सहीचा अर्ज सोबत पाठवतेय, तो घेऊन कचेरीत जा, दाखला काढ, आणि इकडे येणारं कोणी मिळालं की दोन्ही पाठव.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? जावयांना सांग, जेवताना पेपर वाचू नका.

लोभ आहेच. तो वाढवायचा तर लवकर उत्तर लिही.

तुझी,
आई

२८ जून

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं आणि रागावायच्या आतच हसू आलं, त्यामुळे राग शिल्लक राहिला आहे. पुढच्या पत्रात काढीन.

कचेरीत जाऊन आले. खिडकीवरच्या माणसाने अर्ज उलटा धरून वाचला, मग सुलटा धरून वाचला, आणि म्हणाला, होईल. कधी होईल ते त्याने सांगितलं नाही. मी शाळेतून मधल्या सुटीत जाते, तेव्हा त्याचीही मधली सुटी असते. तरी मी पाठ सोडणार नाही.

पुस्तक कपाटात तुझ्या जुन्या शालीखाली नीट आहे. पण तिकडे येणारं खात्रीचं कोणी सध्या तरी दिसत नाही. समोरच्या शिंपीकाकांचा मुलगा जाणार होता, त्याचं रद्द झालं.

आई, एक विचारू का, रागावू नकोस. तिकडचे रस्ते म्हणे फार गर्दीचे आहेत. तुला संध्याकाळी समोरचे दिवे डोळ्यांवर येतात असं तूच गेल्या वर्षी म्हणाली होतीस. काम करायला तुला कोण अडवणार, पण एवढी धावपळ कशाला असं आपलं वाटून गेलं.

सासूबाईंचा गुडघा अजून त्यांच्याच ताब्यात आहे आणि आम्ही सगळे गुडघ्याच्या. दोन खोल्यांत चार माणसं म्हटल्यावर दुसरं काय होणार.

पिल्लूला पापा. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
चिंगी

६ जुलै

चि. सौ. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दादाचं पत्र म्हणजे काहीतरी काम असणार हे तू ओळखलं असशीलच, तेव्हा उगाच गोल गोल फिरत नाही.

आईने तुला गाडीच्या कागदांचं लिहिलं असेल. माझं ऐक, जरा सावकाश घे. आम्ही इथे फार अडचणीत आहोत. पिल्लू सांभाळायला दुसरी बाई मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही, आणि वहिनीने दातांच्या दवाखान्यातून आत्ता लांब रजा घेतली तर तिची जागा दुसरं कोणी घेईल. आई आली आणि देवानेच वाट दाखवली असं आम्हाला झालं. आता ती दुपारभर दुसऱ्यांच्या घरी पट्ट्या बांधायला जाणार म्हणते. त्या वयात, या रहदारीत. तुला पटतं का?

तिला नाही म्हणून बघितलं. तुला माहीत आहे, आईला नाही म्हटलं की ती दुप्पट जोराने हो म्हणते. त्यापेक्षा कागद येईनात, वर्ष निघून जाईल, त्या डॉक्टरीणबाईही दुसरं कोणी शोधतील, आणि आपोआप विषय संपेल. कोणी कोणाला नाही म्हणायला नको. पिल्लू बालवाडीत जाईपर्यंतचा तर प्रश्न आहे.

विमाही मी भरलेला नाही. उभ्या गाडीला विमा कशाला? रोज विचारत होती म्हणून झालं असं सांगून टाकलं. तिचं पाकीट माझ्या खणात जसंच्या तसं आहे, मी काही खाल्लेलं नाही. तू पण कचेरीवाल्यांवर ढकलत राहा. कचेऱ्यांना उशीर होतो यावर कोणीही विश्वास ठेवतं, मी स्वतः सरकारी पाण्याच्या खात्यात आहे, मला विचार.

आपण तिच्या भल्याचंच करतो आहोत, हे लक्षात ठेव. जावयांना नमस्कार. जीव लावत आलीस तशीच लावत राहा.

तुझा,
दादा

१९ जुलै

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं.

दाखला येऊन पडला आहे. खिडकीवरच्या त्या माणसाने चक्क आठवड्यात हातात दिला, आणि वर आईची चौकशी केली. तिने त्याच्या आईच्या पायाची जखम बरी केली होती म्हणे. दाखला आता पुस्तकासोबत शालीखाली आहे, आणि मी आईला लिहिणार आहे की कचेरी दाद देत नाही. एवढं खोटं मी तुझ्या सांगण्यावरून बोलते आहे, ते फुकट समजू नकोस.

का करते तेही सांगते, म्हणजे तुला मी फार भोळी वाटायला नको. आईने तिकडे काम धरलं, तुमचं पटेनासं झालं, आणि तिने चंबूगबाळं उचललं, तर ती येणार कुठे? इथे. आणि इथे सासूबाई पलंगावर, मुलगी जमिनीवर, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. आईला आणून मी कुठे ठेवू? हे मला लिहायची लाज वाटते, पण खरं ते खरं.

फक्त एक कर. विमा भर. ती गाडी बाहेर काढणार नाही असं तू समजतोस, पण तू आईला ओळखत नाहीस, तू नेहमी तिचा लाडका होतास. ओळख करून घ्यायची वेळ माझ्यावर आली.

वहिनीला नमस्कार, पिल्लूला आशीर्वाद. आठवण ठेव.

तुझी,
चिंगी

२४ ऑगस्ट

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कचेरीवाल्यांना माझा निरोप सांग, की एवढ्या दिवसांत बाई बाळंत होऊन पोर रांगायला लागतं. असू दे. तू हेलपाटे घालतेस हे मला कळतं, तुझ्यावर राग नाही.

तुला एक गुपित सांगते, बापूला कळवू नकोस. मी काम सुरू केलंय. आठवड्यातून दोन दुपारी सूनबाई घरी असते, तेव्हा मी दवाखान्यात जाऊन येते एवढंच सांगून निघते. ती विचारत नाही, मी सांगत नाही. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सरळ सांगितलं, की गाडी जुन्या नंबरावर आहे, नोंदणीची मुदत अजून पुष्कळ आहे, लायसन्स चालू आहे, विमा मुलाने भरलाय. त्या म्हणाल्या, मग हरकत नाही, दाखला आला की पुढचं करू. विम्याची पावती बापूच्या ऑफिसात आहे, आणीन आणीन म्हणतो आणि विसरतो. लहानपणी डबा विसरायचा, आता पावती.

चिंगे, आच्छादन काढलं तेव्हा ठमीवर बोटभर धूळ होती. दोनदा खोकली आणि चालू झाली. पहिल्या वळणाला मला रडूच आलं. या गावात आल्यापासून मी कुठेही एकटी गेले नव्हते, हे मला तोवर कळलंच नव्हतं. सगळीकडे कोणीतरी घेऊन जायचं आणि घेऊन यायचं, पिशवीसारखं.

एक शाळामास्तर आहेत, कमरेखाली संवेदना नाही. पाठीला खड्डा पडला होता, घरच्यांनी त्यावर पावडर भरून ठेवली होती. सुनेला समोर बसवून दाखवलं, कसं धुवायचं, कसं कोरडं करायचं, कूस कधी बदलायची. तिसऱ्या खेपेला जखम लाल, ताजी दिसली. मास्तर म्हणाले, सिस्टर, तुम्ही बोलता फार, पण हात हलका आहे. मी घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

संध्याकाळच्या दिव्यांचं तू लिहिलं होतंस. मी उजेडातच जाते आणि उजेडातच येते. उगाच काळजीचं घोंगडं पांघरून बसू नकोस, त्यात उकडतं.

सासूबाईंना, जावयांना नमस्कार सांग. लोभाचं वेगळं काय लिहू, तो तुला घरपोच आहे.

तुझी,
आई

३० ऑगस्ट

ती. दादास,

सा. न. घाईत लिहिते आहे. आई गाडी चालवते आहे. तुझ्याकडच्या दवाखान्यात जाते, आठवड्यातून दोनदा, तू ऑफिसात असताना. विमा भरलेला आहे असं समजून चालवते आहे.

तिने तुला सांगू नको म्हटलं होतं, म्हणजे मी आता तिचाही शब्द मोडला. आजच्या आज खाली उतर आणि हप्ता भर, नाहीतर तिला खरं काय ते सांग. दोन्हींतलं एक कर. उद्या कोणाला धक्का लागला तर तिला तुरुंगात जायची वेळ येईल, आणि पाकीट तुझ्या खणात असेल.

तुझी,
चिंगी

१८ सप्टेंबर

चि. सौ. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं होतं. मी शनिवारी विमा भरणारच होतो, पण आमच्याकडे हिशेबतपासणी चालू होती आणि मला मान वर काढायला वेळ नव्हता. तेवढ्यात व्हायचं ते झालं. घाबरू नकोस, कोणाला काही लागलं नाही.

मंगळवारी पुलाच्या अलीकडे बाहेरच्या राज्यातल्या गाड्या थांबवून कागद तपासत होते. आईला थांबवलं. तिने नकलांची पिशवी पुढे केली आणि विम्याची पावती मुलाच्या ऑफिसात आहे म्हणून ठणकावून सांगितलं. त्यांनी चौकीतून विम्याच्या कचेरीत फोन लावला, तर मुदत जुलैतच संपलेली. तरी आई म्हणे, तुमच्या वहीत चूक असेल, माझा मुलगा खोटं सांगणार नाही. मग त्यांनी मला ऑफिसातून बोलावून घेतलं.

आता माझी परिस्थिती बघ. चौकीत चार लोक, त्यांतला एक आमच्याच खात्यातल्या शिपायाचा भाऊ. गाडी जप्त करतो आणि खटला भरतो म्हणत होते. बिनविम्याची गाडी जाणूनबुजून रस्त्यावर आणली की फार कडक कलम लागतं. मी साहेबांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, साहेब, आई वयस्कर आहे, अलीकडे विसरते. हप्ता भरायला मी तिला सांगितलं होतं, ती विसरली आणि भरला असंच समजून बसली. बघ ना, ही एकच वाट अशी होती की ज्यात कोणाचा गुन्हा होत नाही. साहेब चांगला माणूस होता. त्याचीही आई तशीच आहे म्हणाला. त्याने तसं लिहून घेतलं, मी सही केली, दंड भरला, गाडी सुटली.

आई जरा लांब बाकावर बसली होती. साहेबाने कागद मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा तिने ऐकलं. काही बोलली नाही. मी मात्र दोन दिवस जेवलो नाही, कोणी विचारलंही नाही.

पण सगळं निभावलं. दुसऱ्या दिवसापासून घर सुरळीत आहे, पिल्लू आईकडे असतो. गाडीची किल्ली मी माझ्याकडे ठेवली आहे. तू उगाच काही लिहून खपली काढू नकोस.

भाऊ म्हणून जिव्हाळा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

२ ऑक्टोबर

चि. चिंगीस,

आशीर्वाद. तुला बापूने सगळं कळवलं असणार, तेव्हा चौकीचं पुन्हा लिहीत नाही. त्याने जे कळवलं नसेल ते लिहिते.

मी गप्प का बसले हे तुझ्या मनात आलं असेल. पोटच्या पोराला पोलिसांसमोर खोटं पाडायचं की नाही, एवढाच विचार करत होते. तेवढ्यात त्याची सही होऊन गेली. सही करताना त्याचा हात थरथरला नाही. मी लोकांचे हात बघत जन्म काढलाय, मला दिसतं.

तो कागद चौकीत राहिला नाही. तो वाहन कचेरीत गेला. मी लायसन्सच्या नूतनीकरणाला गेले तर खिडकीवरच्या मुलीने खालच्या आवाजात सांगितलं, आजी, तुमच्या नावापुढे शेरा आहे. विस्मरणाचा त्रास, मुलाने लेखी सांगितलं आहे. आता हा शेरा निघाल्याशिवाय लायसन्स मिळणार नाही, आणि ज्याने लिहून दिलं त्याने परत घेतल्याशिवाय शेरा निघणार नाही.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. लपवून कोणाच्या जखमेला हात लावणं मला जमलं नसतं. त्यांनी खूप वेळ माझा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, सिस्टर, मला तुमच्याबद्दल शंका नाही, पण विस्मरणाचा सरकारी शेरा असलेल्या बाईच्या हाती मी औषधं कशी देऊ, उद्या काही झालं तर मला विचारतील. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मास्तरांकडे आता दुसरी मुलगी जाते.

मी बापूला म्हटलं, दोन ओळी लिहून दे, की माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. तो म्हणाला, आई, तसं लिहिलं तर मी पोलिसांना खोटं लिहून दिलं असं होईल, माझी नोकरी जाईल, थोडं थांब, वातावरण निवळू दे. सूनबाई शेजारीच घड्या घालत होती. तिला यातलं किती ठाऊक आहे कोण जाणे. पोलिसांनी दंड घेतला एवढंच बापूने तिला सांगितलंय असं वाटतं.

आणि आता तुझं. त्याच खिडकीवरच्या मुलीने आपल्याकडच्या कचेरीत चौकशी केली. ना-हरकत दाखला जुलैच्या सुरुवातीला दिलेला आहे. अर्जदाराच्या मुलीने सही करून घेतला, असं तिकडून आलं. मी तिला म्हटलं, पुन्हा बघ बाळ, नाव चुकलं असेल. बापूच्या वेळीही मी असंच म्हटलं होतं.

मला तुझ्यावर ओरडायचं होतं, पण शक्ती नाही. तू मला सरळ म्हणाली असतीस, की आई, चालवू नकोस, मला भीती वाटते, तर मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि कदाचित ऐकलंही असतं. तुम्ही दोघांनी मला भांडायलाही दिलं नाहीत.

एकच मागते. बापू नाही तर तू लिहून दे. माझ्या आईची स्मृती शाबूत आहे, एवढं एक वाक्य, खाली सही. मागून कचेरीतली मुलगी म्हणाली, तो परत घेत नसेल तर जवळच्या दुसऱ्या नातेवाइकाचं चालेल, मग सरकारी डॉक्टर तपासतील. तपासणीला मी आनंदाने जाईन. मला तारीख, वार, राजा, प्रधान काय वाटेल ते विचारू देत. वाढदिवसाच्या आत पोचेल असं पाठव.

आई

१२ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र शाळेत उघडलं आणि वर्ग सोडून बाहेर जावं लागलं.

दाखल्याचं जे झालं ते झालं. मला तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं. दादाने फार गळ घातली होती आणि मला खरंच तुझी काळजी होती. तू चांगलं आठवून बघ, मी तुला दिव्यांचं लिहिलं होतं.

तू म्हणतेस ते एक वाक्य लिहायला मी तीनदा बसले. पण आई, दादाच्या सहीखाली एक गोष्ट आणि माझ्या सहीखाली बरोबर उलटी, असं झालं तर ते त्याला बोलावतील, विचारतील. हे म्हणाले, भावाच्या नोकरीवर गदा येईल असं काही लिहून देऊ नकोस, एकदा दिलेलं परत घेता येत नाही. त्यांचंही खरं आहे. तू मला समजून घेशील, नेहमी घेतेस.

आणि आता तुला गाडीची गरज तरी काय उरली आहे? पिल्लू आहे, घर आहे. सुटीत चार दिवस इकडे ये, सासूबाई तेवढ्यापुरत्या नणंदेकडे जायला तयार आहेत. दाखला आणि पुस्तक सोबत पाठवते आहे, शिंपीकाकांचा मुलगा तिकडेच येतो आहे.

रागावली असलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिंगी

२९ ऑक्टोबर

चि. बापूस,

आशीर्वाद. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी माझ्या मैत्रिणीकडे असेन. ती सुईणबाई, जिच्याबरोबर मी निम्मी नोकरी केली. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे आणि बाजार पायी जाण्यासारखा आहे. तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त कधी येतेस ते विचारलं.

मी पळून गेले असं कोणाला सांगू नकोस, कारण मी सांगून निघाले. तू दौऱ्यावर होतास. सोमवारी सकाळी सूनबाई नेहमीप्रमाणे पिल्लूला माझ्या मांडीवर ठेवून चपला घालत होती. मी तिला म्हटलं, थांब, आधी हे वाच. आणि तुझ्या सहीच्या कागदाची कचेरीने दिलेली नक्कल तिच्या हातात दिली. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने सरकारला लिहून दिलंय की मी विसरते. ज्या बाईच्या हातात एक गाडी देता येत नाही, तिच्या हातात तू दिवसभर लेकरू कसं देतेस? उद्या मी त्याला पाण्याच्या टबात ठेवून विसरले तर?

माझी अपेक्षा काय होती, तेही सांगते. ती म्हणेल, काहीतरीच काय आई, हे खोटं आहे, मी आज त्यांना विचारते. एवढं म्हणाली असती तर मी चपला घालून गेले असते का, मला माहीत नाही. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला. मग वाकली आणि पिल्लूला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. तिला दोष देत नाही, आई आहे ती. तिने तुझ्यावर विश्वास ठेवला, जसा मी ठेवला होता.

दुपारी तिने रजेचा अर्ज लिहिला, मी सामान बांधलं. संध्याकाळी पिल्लू खोलीच्या दारात येऊन इस्त्रीच्या टेबलाचा पाय धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून हात वर केले. सूनबाई आली आणि त्याला घेऊन गेली. मी उठले नाही. मी उचललं असतं, तर तुझा कागद खोटा ठरला असता, आणि तो खोटा ठरवायला या घरात कोणी तयार नाही.

ठमी तुझ्या दारात आहे. चिंगीने पाठवलेला दाखला आणि पुस्तक टेबलावर ठेवलंय, माझ्या काही कामाचं नाही. फेब्रुवारीत वर्ष संपेल, तेव्हा वाहन कचेरीची नोटीस येईल. माझ्याकडे पाठवू नकोस. विम्याचं पाकीट तुझ्या खणात आहे आणि शनिवारी तू हप्ता भरणारच होतास, असं चिंगीने कागदांसोबत पाठवलेल्या चिठ्ठीत होतं. ते पाकीट तिथेच असू दे.

मला तुझा राग आहे. आई मुलावर फार दिवस रागावत नाही असं सगळे म्हणतात, तू त्यावर विसंबू नकोस. माझं काम गेलं, गाडी गेली, नातू गेला, आणि हे सगळं तू एका शनिवारचा कंटाळा आणि चार लोकांतली लाज वाचवायला केलंस.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, मी या वेळी लिहीत नाही. पिल्लू आणखी थोडा मोठा होईल, बोलायला लागेल आणि आजी कुठे म्हणून विचारेल. तेव्हा त्याला सांग, आजीला विसरण्याचा आजार आहे, म्हणून ती येत नाही. तो लहान आहे, त्याला खरं वाटेल.

आई